चौथी फ्लॉपी

(बोईसर, १९९५. दुपारचे दोन. स्टेशनजवळच्या माडीवरची कॉम्प्युटरची खोली. ती चालवणारी सुलू. समोर तारापूर वसाहतीतल्या एका केमिकल कारखान्याचे मॅनेजर रामनाथ आणि तिथला रिॲक्टर, म्हणजे माल तापवायचं मोठं बंद भांडं, चालवणारा कामगार भिका.)

रामनाथ : फाइल उघडली ना? अक्षरं दिसतायत, आकडे दिसतायत. मग आता घोडं कुठे पेंड खातंय, सुलूबाई?

सुलू : साहेब, उघडली म्हणजे बरी झाली असं नाही. तुमच्या बॅकअपच्या सात फ्लॉप्या मिळून एकच गाठोडं आहे, दाबून बसवलेलं. त्यातल्या चौथीच्या चकतीला बुरशी धरलीय.

भिका : कपाटाखाली ठेवल्या होत्या, ताई. तिथं भिंतीतून पाणी येतंय.

रामनाथ : भिका, तू मधे बोलू नकोस. बाई, खराब फ्लॉपीवरचंही तुम्ही काढलंतच की! हे काय, अख्खं पत्रक आहे. कोणता माल, किती तापवायचा, किती वेळ.

सुलू : काढलं. पण शेवटी कॉम्प्युटर एक ताळा करून बघतो, तो जुळत नाहीये. मी तीनदा केलं.

रामनाथ : एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं असेल.

सुलू : तसं असतं तर बरं होतं. कचरा दिसला असता, आपण सावध झालो असतो. फाइल दाबताना काय होतं, ऐका. जे वाक्य पुन्हा पुन्हा येतं ते एकदाच लिहिलं जातं. पुढे नुसती खूण, की मागे अमुक जागी जा आणि तिथलं उचल. ती खूणच बिघडली, तर भलत्या ओळीतलं उचललं जातं. दिसायला सगळं स्वच्छ, पण दुसऱ्याच मालाचं.

रामनाथ : म्हणजे?

सुलू : हे तुम्हाला हव्या त्या मालाचं पत्रक. पंच्याण्णव अंश, चार तास. आता वर बघा, हा लाल रंगाचा माल. पंच्याण्णव अंश, चार तास. शब्दाला शब्द तोच.

रामनाथ : दोन मालांचं तापमान सारखं असू शकतं.

सुलू : नसूही शकतं. मला तुमच्या रसायनातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून तर भीती वाटते. भिकादादा, हा माल तुम्ही आधी केलाय?

भिका : दोनदा. तीन वर्सं झाली. काटा पासष्टला लागला की तवाचे केमिस्ट नरहरीसाहेब धावत यायचे, गार कराया पाणी सोड म्हणून वरडायचे. एकदा सत्तरला गेला, तर भांडं आपल्या आपणच तापाया लागलं. वाफ बंद केली तरी काटा चढतोय. झाकण थडथडत होतं. पळालो नाय मी, पण पळावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू?

रामनाथ : तो हाच माल कशावरून? पिंपावरचं लेबल वाचता येतं तुला?

भिका : वाचता नाय येत. पण वास कळतो, साहेब. डोळ्याला झोंबतो तो. सकाळी भरताना तोच आला.

सुलू : सकाळी? माल भरलाय?

रामनाथ : भरलाय. तीनला तापवायला वाफ सोडायची. शनिवारी माल गुजरातला पोचला पाहिजे. मला काय ठाऊक, कारखान्यातला कॉम्प्युटर आजच मान टाकेल म्हणून!

सुलू : मग त्या नरहरीसाहेबांना फोन करा.

रामनाथ : भांडून गेला तो. वापीला असतो म्हणतात, पत्ता कोणाकडे नाही. प्रिंट काढा.

सुलू : काढते. पण खाली लिहून देणार, ताळा जुळत नाही म्हणून.

रामनाथ : काही लिहायचं नाही! शेठनी ते वाचलं तर उद्या मला घरी बसवतील. बॅकअप माझ्याकडे होता. आणि पंच्याण्णव नको, आपण नव्वदला थांबू, झालं? भिका, कागद घेऊन खाली ये. मी जीप काढतो.

सुलू : गेले. दादा, तुम्ही जाऊ नका. पोटात दुखतंय म्हणून सांगा.

भिका : मी नाय गेलो तर जिवल्याला उभा करतील. आठ दिवस नाय झाले त्याला कामाला लागून. काटा चढला की त्याला साहेबाचंच तोंड बघावं लागंल. मी पाण्याच्या नळावर हात ठेवून उभा राहीन. साहेब काय बी सांगू दे, पासष्टला पाणी सोडणार.

सुलू : आणि पुरलं नाही तर?

भिका : दुपारचं पाणी कमीच असतंय.

सुलू : मी बंबवाल्यांना फोन करते. पोलिसांना करते. कोणीतरी ऐकेल.

भिका : करा. पण त्याच्या आधी नाक्यावर जा, ताई. माझी बायको, नवसी, आमच्याच पॅकिंगला हाय. पावणेतीनच्या शिफ्टबसला उभी असंल, हिरवं लुगडं. तिला म्हणावं, माहेरून सांगावा आलाय, आई लई आजारी हाय, आत्ताच निघ.

सुलू : जाते. तुम्ही पाठवलं म्हणून सांगू?

भिका : नको. मी आत हाय हे कळलं, तर ती जायची नाय.