कॅमेऱ्यामागचा विपुल

कळंबोलीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघीजणी नंबरची वाट बघत होत्या.

"गोजराताई, तुमच्या मुलाने, विपुलने स्केटबोर्डच्या स्पर्धा सोडल्या म्हणे?"

"हां. आता तलोज्याला कारखान्यासाठी गाला भाड्यानं घेऊन बोर्ड बनवतो. गावच्या पोरींना शिकवतो, त्यांच्यावर फिल्म पन केली."

"अय्या! त्यात तो पण उड्या मारतो?"

"नाय गो. पोरी पुढं सुटतात, आनि हा बोर्डवर उभा राहून, कॅमेरा धरून त्यांच्या मागं."

"म्हणजे एवढा चॅम्पियन, आणि फिल्ममध्ये दिसतच नाही?"

"एकदाच. ऊन पाठीशी होता, म्हनून रस्त्यावर त्याची सावली पडली. पुढची पोरगी घसरली, तशी सावली चालू कॅमेरा रस्त्यावर ठेवून हात द्याया धावली."

"मग?"

"मी थेटरात उठून वरडली, त्यो माजा हाय!"