दिवा बाहेरचा की आतला?

...नाही हो, दुखत नाहीये. आता काय शपथ घेऊ? या क्षणाला माझं डोकं अजिबात दुखत नाहीये, तेव्हा ती खिडकी लावू नका, आवाज बारीक करू नका, आणि तुम्ही, हो तुम्हीच, पिशवीतली ती बाटली बाहेर काढू नका. मला माहितीये त्यात तेल आहे आणि तुमच्या आत्याला त्याने चुटकीसरशी आराम पडला होता. सगळ्यांच्या आत्यांना पडलाय. मी नुसतं डोळ्यापाशी बोट नेलं होतं. माशी होती. माणसाने माशीसुद्धा उडवायची नाही का?

तुम्हाला सांगतो, अर्धशिशी झाली की माणसाचं डोकं त्याचं राहतच नाही, ते सार्वजनिक होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याने हात लावून बघावं असं. आणि मी तर कामाला कुठे? नाटकवाल्यांत! तिथे साधी शिंक आली तरी चार जण चार आवाजांत हळहळतात.

मी दिवे सांभाळतो. नट नाही, तसा चेहरा असता तर आज असा ओरडत बसलो नसतो. प्रेक्षागृहाच्या मागे एक लोखंडी जिना चढून गेलं की एक खोली आहे, खोली कसली, कपाटच ते, त्यात मी आणि माझा बोर्ड. बोर्डावर सरकत्या दांड्या. एक दांडी हळूहळू वर नेली की खाली रंगमंचावर पहाट होते, खाली आणली की संध्याकाळ. घरी मला कोणी पंख्याचं बटण दाबायलाही सांगत नाही, पण तिथे माझ्या बोटाशिवाय दिवस उजाडत नाही. त्या खुर्चीवरून उठवलं तर मी कोण? कोणीच नाही. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढची धावपळ कशासाठी होती ते कळेल.

तर झालं असं. दुसरा अंक, शेवटचा प्रवेश. बाप मरतोय. बापाचं काम करतात ते आमचे मुख्य नट, आम्ही त्यांना तोफ म्हणतो, कारण ते कुजबुजले तरी शेवटच्या रांगेतलं झोपलेलं पोर उठतं. खोलीत डावीकडून एकच दिवा, त्यात तोफ खुर्चीला धरून उभी, मुलाला शेवटचं काहीतरी सांगतेय. आणि मला दिसतं काय, तर डावा दिवा फडफडतोय. कडेला नुसती नागमोडी चमचम. मी म्हटलं मेला, दिवा जातोय, आता फुटला तर तोफेच्या डोक्यावर काच... म्हणून सरळ दांडी खाली ओढली, की दुसरा लावू. दुसऱ्याची दांडी बघतो तर तिच्यावरही चमचम. तिसरीवरही. माझ्या हातावरही. अहो, दिवा धडधाकट होता, फडफडत होतं ते माझ्या डोक्यात!

तोवर खाली मिट्ट काळोख. त्या काळोखात तोफ मरायला खुर्चीवर बसली आणि खुर्ची तिथे नव्हती. धप्प. बाप नाटकात नुकताच गेला होता, पण गेलेला बाप काळोखातून सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं बोलला, "अरे, लाईट!"

आणि मग सुरू झालं डोकं. अर्धंच. एका बाजूने कोणीतरी आतून खिळा ठोकतंय, ओकारी येतेय, प्रेक्षक हसतायत आणि ते हसूसुद्धा डोळ्यांत टोचतंय.

सर वर आले. सर म्हणजे आमचे दिग्दर्शक. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाले, "हे बघ, माणसाला दुखणं असतं, मान्य. पण पुन्हा एकदा असा अंधार झाला, तर बोर्डावर माझा मेहुणा बसेल." सरांचा मेहुणा, तुम्हाला सांगतो, दुकानांच्या पाट्यांचे दिवे करतो. लुकलुक, लुकलुक. तो आमच्या बापाला लाल-हिरवा करून मारेल.

झोप उडाली माझी. गेलो डॉक्टरीणबाईंकडे. म्हटलं, डोक्याचे फोटो काढतील, यंत्रात घालतील... छे. बाई नुसत्या विचारत बसल्या. जेवता कधी? प्रयोग संपल्यावर. झोपता कधी? ठरलेलं नाही. पाणी? मी म्हटलं, कॉफी पितो ना. "आणि दुखलं की काय घेता?" मी खिशातून पट्टी काढली. साधीच वेदनेची गोळी, औषधाच्या दुकानात मिळते ती. दुखलं की एक, दुखेल असं वाटलं की एक, प्रयोग असेल तर आधीच एक. बाईंनी पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "सारख्या गोळ्या घेऊनही डोकं दुखतं, माहितीये का?" घ्या. म्हणजे इतके दिवस मी चोरालाच पहाऱ्यावर बसवला होता.

त्यांनी रोजची एक गोळी दिली, दुखणं येऊच नये म्हणून, आणि बजावलं की तिचा गुण यायला वेळ लागतो, उतावीळ होऊ नका. दुसरी दिली दुखणं आल्यावरची. "चमचम दिसते तेव्हा नाही, दुखायला लागलं रे लागलं की लगेच. उगाच जपून ठेवू नका, आणि उठसूट खाऊही नका." बाकी सगळं अगदी रटाळ. वेळेवर झोपा, वेळेवर उठा, सुटीच्या दिवशीसुद्धा. वेळेवर जेवा, पाणी प्या, कॉफी कमी करा पण एकदम तोडू नका, रोज चाला. अहो, हे तर आई लहानपणापासून सांगतेय, आणि तिने कधी फी नाही घेतली.

उठता उठता मी विचारलं, "बाई, माझं पोट दिव्यांवर आहे. दिवा फडफडतोय की मी, हे ओळखायचं कसं?"

"सोपं आहे. डोळे मिटा. मिटल्यावरही चमचम दिसली, तर दिवा आतला. नाही दिसली, तर बाहेरचा."

दिवा बाहेरचा की आतला. एवढंच. घोकत घोकत घरी आलो.

आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, ही माझी चूक. बायकोने आईला सांगितलं, आईने आमच्या कपडेवाल्या मावशींना, आणि मावशींना सांगणं म्हणजे पडद्यावर लिहिणं. मग काय विचारता. आई म्हणाली, "अरे, अर्धशिशीला गरम पाण्यात पाय सोडायचे, रक्त खाली येतं." मावशी म्हणाल्या, "गरम नाही, गार, मानेवर अन् डोळ्यांवर ओला पंचा." रंगभूषावाले दादा म्हणाले, "भाऊ, भुवईच्या वरची शीर दाबायची, इथे, हां, ओरडू नको, ओरडलास म्हणजे तीच शीर." तोफेने स्वतः, पार्श्वभाग अजून दुखत असताना, आल्याचा रस पाठवला. मी डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, हे सगळं चालेल का? त्या म्हणाल्या, "गार पट्टी, अंधार, शांतता यांनी बरं वाटतं. आल्याने मळमळीला बरं वाटलं तर घ्या. बाकीच्याने अपाय नाही." बाई, अपाय नाही असं या लोकांना कधी सांगायचं नसतं.

खरं सांगू? फरक पडला. महिने गेले, पण पडला. बायको पहिला अंक सुरू व्हायच्या आत लोखंडी जिना चढून डबा आणायची, मागे स्टुलावर बसून मी खाईपर्यंत हलायची नाही. सुटीच्या दिवशीही मला ठरल्या वेळी हलवून उठवायची. दुखणं आठवड्याचं महिन्यावर गेलं. पण भीती गेली नाही हो. दुखणं परवडतं, भीती नाही परवडत. प्रत्येक प्रयोगाला दुसऱ्या अंकाचा शेवट जवळ आला की हीच गत. दांडीवर बोट, आणि डोक्यात तेच, दिवा बाहेरचा की आतला, दिवा बाहेरचा की आतला...

आणि आला तो प्रयोग. बाहेरगावचे कोणी मोठे आयोजक बघायला आलेले, आवडलं तर पुढचे दौरे. सर आदल्या दिवसापासून हळू आवाजात बोलत होते, म्हणजे बघा. तोफ खुर्चीला धरून उभी. मुलगा समोर. थिएटर चिडीचूप. आणि डावीकडे... फडफड.

 मनात म्हटलं, आलं. संपलं. मेहुणा बसला. डोळे मिटून बघावं एवढंही सुचलं नाही. इतक्या महिन्यांत मला इतकं पाठ झालं होतं की चमचम म्हणजे मीच, माझंच डोकं, दुसरं काही असूच शकत नाही. मी डाव्या डोळ्यावर हात नेला फक्त. मोठा प्रयोग म्हणून बायको त्या दिवशी डबा झाल्यावरही मागे स्टुलावर थांबली होती, तिने बघितलं आणि विंगेशी बोलायचा माझा हेडफोन ओढून घेऊन निरोप दिला, "यांना आलं."

मिनिटभरात, तुम्हाला सांगतो, त्या कपाटात माझ्यासकट चार माणसं! मावशी ओला पंचा घेऊन, दादा अंगठे सरसावून, आणि मावशींच्या दुसऱ्या हातात गरम पाण्याची बादली, आईने फोनवर बजावलं होतं म्हणून आधीच भरून ठेवलेली. मी कुजबुजून म्हटलं, "मावशी, इथे वीज आहे, पाणी आत नाही." तर त्यांनी बादली दाराबाहेर जिन्याच्या तोंडाशी ठेवली आणि माझे पाय खुर्चीवरून ओढून तिच्यात बुडवले. आता बघा, पाय दाराबाहेर, धड दारात, आणि हात ताणून ताणून बोर्डाकडे. डाव्या दिव्याची दांडी बोटाच्या टोकाला. बाकीच्या दांड्या लांब, परगावी.

बायको हातात गोळी धरून. "अहो, दुखायला लागलं का?"

"अजून नाही."

दादा शीर दाबत. "आता?"

"नाही."

"लागेल, लागेल," मावशी धीर देत होत्या, "काळजी करू नको."

तीन माणसं, श्वास रोखून, माझं डोकं दुखायची वाट बघतायत! खाली बाप मरतोय त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही. आणि दुखेना हो. जन्मात पहिल्यांदा मी मनापासून म्हणत होतो, दुख, बाबा, एकदाचं दुख, म्हणजे गोळी घेतो आणि कामाला लागतो. तिकडे फडफड वाढलेली, तोफ बोलता बोलता डावीकडे बघायला लागलेली. आणि मी वेडा मनात म्हणतोय, बघा, माझी चमचम हिला कशी दिसली?

एवढ्यात मावशींनी गार पंचा सपकन माझ्या डोळ्यांवर टाकला.

काळोख. स्वच्छ, गार, काळा काळोख. एक ठिणगी नाही, एक नागमोडी नाही. मी पुन्हा नीट बघितलं. काही नाही. आणि मला रडूच आलं हो, त्या पंच्याखाली. मी ठीक होतो. माझं डोकं ठीक होतं. दिवा बाहेरचा होता!

"दिवा जातोय," मी म्हटलं, "दिवा, मी नाही," आणि उठलो. उठलो ते बादलीतून उठलो. बादली कलंडली, पाणी जिन्यावरून खाली, आणि जिन्यावरून वर येत होते सर. ते नंतर कळलं. तेव्हा मी पंचा डोक्यावर तसाच घेऊन बोर्डावर पडलो, उजव्या दिव्याची दांडी धरली आणि नेली वर, हळू, अगदी हळू. उजवा उजेड तोफेच्या गालावर चढला, डोळ्यांवर आला, आणि त्याच वेळी डावा दिवा फट्कन गेला. तोफेने खुर्ची बघून घेतली, बसली, आणि शांतपणे मेली. पुढच्या रांगेत कोणीतरी नाक ओढलं. कोणाला काही कळलं नाही.

सर दारात. गुडघ्यापासून खाली ओले. वाकून पँटचं पाणी पिळलं. मी तेव्हा जेवढा घाबरलो तेवढा दुखण्यालाही कधी घाबरलो नव्हतो. मग म्हणाले, "दिवा गेला, तू सांभाळलंस. खुर्ची तुझी." आणि बायकोकडे वळून, "पण वहिनी, तुम्ही रोज शेजारी बसायचं. फडफडलं की कोण फडफडतंय, ते तुम्ही सांगायचं."

तर अशी खुर्ची राहिली. मेहुणा पाट्यांवर खूश आहे. गोळ्या घेतो, वेळेवर जेवतो, चालतो, दुखणं आता क्वचित येतं. मग तक्रार काय, असं तुम्ही म्हणाल. आमच्या स्वयंपाकघरातला दिवा आठवडाभर फडफडतोय. मी दिव्यांचा माणूस, मला कळत नाही का? मी आईला म्हटलं, "दिवा जातोय, बदलायला हवा." आई उठली, पडदे ओढले, मला आत नेऊन आडवं केलं, डोळ्यांवर गार पट्टी ठेवली. बायको म्हणाली, "अहो, दुखायला लागलं की लगेच सांगा हं."

मी सांगतोय, डोळे मिटल्यावर दिसत नाहीये, दिवा बाहेरचा आहे. ऐकतं कोण? काल दिवा गेला, जाताना फ्यूजही घेऊन गेला. सगळं घर अंधारात. आणि सगळे म्हणाले, "चला, बरं झालं, याला आता शांत झोप लागेल."