अंशतः खरे

टाचणी : थांबा, थांबा, थांबा! परत शिलाईचं मशीन वाजलं. ताई, पुन्हा 'सप्रेम नमस्कार'पासून घ्यावं लागेल.

ताई : वहिनी, दोन मिनिटं हात आवर ना गं.

वहिनी : तुमची दोन मिनिटं सकाळपासून चाललीत, वन्सं. शाळेचे गणवेश आहेत हे, उद्या द्यायचेत. शाळा काही तुमच्या अधिवेशनासारखी नसते. ठरल्या दिवशी सुरू होते, ठरल्या दिवशी संपते.

टाचणी : अधिवेशनही ठरल्या दिवशीच सुरू होतं, वहिनी. उद्याच आहे.

वहिनी : आणि संपतं कधी?

टाचणी : ते... ते कामकाजावर अवलंबून असतं.

वहिनी : बघा. आणि ती डबी ठेवा खाली. लोक तुम्हाला टाचणी म्हणतात म्हणून माझ्या टाचण्यांवर तुमचा हक्क नाही सांगायचा.

टाचणी : भाषणाची दोन पानं जोडायची होती फक्त. सुटा कागद मला बघवत नाही.

ताई : टाचणीभाऊ, तिच्या नादी लागू नका. तरी म्हणत होते, आपल्या ऑफिसातच करू.

टाचणी : तिथं आवाज घुमतो, ताई. मागचा संदेश ऐकून लोकांनी विचारलं, आमदार विहिरीत पडल्यात का म्हणून. इथं चहूबाजूंनी कापड आहे, आवाज कसा मऊ येतो.

वहिनी : मऊच येणार. टोचण्यासारखं काही असेल त्यात तर ना!

ताई : झालं बोलून? घेऊ आता?

टाचणी : घ्या. मी मोबाइल धरतो. हं, बोला.

ताई : "माझ्या मतदारसंघातील बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार. उद्यापासून नवं अधिवेशन सुरू होत आहे. मागच्या अधिवेशनात आपल्या भागातले अनेक प्रश्न मी पोटतिडकीनं मांडले. विशेषतः आपला नदीवरचा पूल. शासनानं या प्रश्नाची गांभीर्यानं दखल घेतली असून तो लवकरच मार्गी..."

वहिनी : हं!

टाचणी : वहिनी! मशीन थांबलं तर तुम्ही सुरू!

वहिनी : मी कुठं काय बोलले? घसा साफ केला.

ताई : तुझा हा 'हं' मी तुझं लग्न झाल्यापासून ऐकतेय. बोल काय ते.

वहिनी : मी कशाला बोलू? आमच्यासारख्यांनी ऐकायचं. फक्त हळू बोला जरा. ही भिंत पातळ आहे, आत तुमचे दादा आहेत.

ताई : झोपलाय ना?

वहिनी : झोपतायत कसले! पडलेत. काल डायलिसिसहून आले ते तसेच आडवे झाले. पूल चालू होता तेव्हा चहा निवायच्या आत पलीकडच्या दवाखान्यात पोचायचो. आता धरणावरून वळसा. त्या खड्ड्यांतून जायचं, मशीनला लागायचं, आणि अंगातलं सगळं त्राण गेल्यावर त्याच खड्ड्यांतून परत यायचं. काल येताना गाडी बाजूला घ्यायला सांगितली मी. दार उघडायलाही वेळ मिळाला नाही हो. माझ्या पदरात ओकले.

ताई : मला सांगतेस? माझा भाऊ आहे तो.

वहिनी : मग 'लवकरच' कशाला म्हणता?

टाचणी : तो शब्द माझा, वहिनी. ताईंनी आधी नकोच म्हटलं होतं. पण 'लवकरच' फार सोयीचा शब्द आहे. आशाही वाटते आणि तारीखही द्यावी लागत नाही.

वहिनी : तुमचे शब्द! मागे तुम्हीच सांगितलं होतं ना, पुलाचा प्रश्न तारांकित झाला म्हणून?

टाचणी : झालाच होता. मी स्वतः यादीत बघितला.

वहिनी : आम्हाला काय ठाऊक तारांकित म्हणजे काय! वहीत बाई चांदणी काढून देतात ना चांगल्या अक्षराला, तसं वाटलं. रिक्षावाल्यांनी पुलाच्या तोंडाशी बँड लावला. हे उठून खिडकीत जाऊन बसले, नाचणाऱ्यांना बघायला. कित्येक दिवसांनी आपणहून उठले होते. आणि पुढं काय झालं? चांदणी कुठं गेली?

टाचणी : तारांकित म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं. तथापि, आपल्या नंबरापर्यंत प्रश्नोत्तरांचा तास पोचला नाही. आधीच्या प्रश्नावर गोंधळ झाला.

ताई : गोंधळ? एकमेकांच्या सात पिढ्या काढत होते सगळे! मी आपली हात वर करून उभी. खाली बसा, खाली बसा, खाली बसा. हात दुखायला लागला, पण मला काही बोलू देईनात. शेवटी तास संपला आणि सगळे हसत हसत चहाला गेले. एकत्र!

टाचणी : पण लेखी उत्तर पटलावर ठेवलं गेलं.

वहिनी : पटलावर म्हणजे?

ताई : टेबलावर.

वहिनी : कोणाच्या?

ताई : कोणाच्याच नाही गं. ठेवलं म्हणजे ठेवलं. संपलं.

वहिनी : मग त्यात काय लिहिलं होतं, ते आम्हाला कधी सांगितलंच नाहीत तुम्ही. टाचणीभाऊंच्या संदेशात आलं होतं, 'शासनाने वस्तुस्थिती मान्य केली आहे.' सगळ्यांना वाटलं, आता फावडी घेऊन येतील.

टाचणी : ते काही चूक नव्हतं.

ताई : ते अंशतः खरं होतं, टाचणीभाऊ. ऐक वहिनी. मला पाठ झालंय ते. मी पहिलं विचारलं होतं, नदीवरील पूल धोकादायक ठरवून वाहतुकीस बंद केला आहे, हे खरे आहे काय? उत्तर, 'हे खरे आहे.'

वहिनी : बरं झालं, तेवढं तरी दिसलं त्यांना.

ताई : दुसरं विचारलं, त्यामुळे पलीकडच्या रुग्णालयात जाणाऱ्या रुग्णांना धरणावरून वळसा घालावा लागतो व त्यांचे अतोनात हाल होतात, हे खरे आहे काय?

वहिनी : मग?

ताई : 'हे अंशतः खरे आहे.'

वहिनी : अंशतः?

टाचणी : म्हणजे त्यातला काही भाग खरा आणि काही...

वहिनी : मराठी कळतं मला. कुठला भाग ते विचारतेय. वळसा खोटा की हाल खोटे?

टाचणी : ते उत्तरात नमूद करत नाहीत, वहिनी. पद्धत नाही तशी.

वहिनी : पद्धत नाही! माझा पदर धुवून बाहेर वाळत घातलाय, जाऊन बघा. तो खऱ्या भागात धरायचा की खोट्या? आणि घरी आल्यावर हे भिंत धरून संडासापर्यंत जातात, ते कशात बसतं? कोणी लिहिलं हो हे? कोण बसतं असलं लिहायला?

टाचणी : खात्यात कोणीतरी कारकून असतो. मीही नोकरीत असताना पुष्कळ लिहिलंय तसं. कोणी कधी विचारलं नाही, कुठला अंश म्हणून.

वहिनी : आणि पुढं? अजून होतं का काही?

ताई : राहू दे.

वहिनी : सांगा ना! आता अर्धवट कशाला ठेवता?

ताई : तिसरं विचारलं होतं, दुरुस्तीला विलंब होण्याची कारणे काय आहेत? उत्तर, 'प्रश्न उद्भवत नाही.'

वहिनी : अगं बाई! उद्भवत नाही? आमच्या घरी तर सकाळी तोंड धुवायच्या आधी उद्भवतो तो!

ताई : हसतेस काय!

वहिनी : मग काय रडू? रडून झालंय माझं.

ताई : मग मी काय करू, सांग ना! सांग! किती खेटे घातले असतील मी. मंत्र्यांच्या दालनाबाहेरचा शिपाई आता मला घरच्यासारखा ओळखतो, मी दिसले की खुर्ची पुसतो, चहा विचारतो. चहा मिळतो, पूल मिळत नाही. बांधकामवाले म्हणतात, पैसे अर्थखात्याकडे. अर्थखातं म्हणतं, नकाशा बांधकामाकडे. मधल्यामध्ये माझा चेंडू झालाय. इथं आलं की लोक म्हणतात, ताई बोलत नाहीत. तिथं गेलं की म्हणतात, ताई फार बोलतात. डोकं फुटायची वेळ आलीय माझी, आणि वर तू 'हं' करतेस!

टाचणी : ताई, पाणी घ्या. असा चढलेला आवाज रेकॉर्डिंगला चालणार नाही.

ताई : खड्ड्यात गेलं रेकॉर्डिंग!

वहिनी : खड्ड्यातूनच तर जातो आम्ही. बसा वन्सं. मला तुम्हाला एक सांगायचंय. सकाळपासून सांगेन सांगेन म्हणतेय, तोंड उघडत नव्हतं. म्हणून मशीन मारत बसले.

ताई : काय झालं?

वहिनी : काल गाडीतून उतरल्यावर हे म्हणाले, आता मी जाणार नाही.

ताई : कुठं?

वहिनी : दवाखान्यात. डायलिसिसला.

ताई : वेडा आहे का तो? चार दिवस तरी काढेल का त्याच्याशिवाय?

वहिनी : मी हेच म्हटलं. भांडले, हातापाया पडले. तर म्हणतात कसे, अगं, ताईचा पूल लवकरच होतोय ना? दर अधिवेशनाला सांगते ती. थोडे दिवस थांबतो. पूल झाला की जाऊ पुन्हा, आरामात.

ताई : चेष्टा करत असेल.

वहिनी : तेच तर कळत नाही. इतकी वर्षं संसार केला, चेष्टा असली की मला लगेच कळते. काल नाही कळली. उद्या सकाळी गाडी यायचीय. हे म्हणाले, ड्रायव्हरला कळव, येऊ नको. मी अजून कळवलेलं नाही.

टाचणी : अहो, पण त्या शब्दाचा असा अर्थ कोणी... तो नुसता... तसं लिहायची पद्धत असते म्हणून...

ताई : टाचणीभाऊ, मोबाइल धरा.

टाचणी : मी दुरुस्ती करतो ना. 'लवकरच'च्या जागी 'यथावकाश' घालतो.

ताई : मोबाइल धरा म्हणते ना मी.

टाचणी : कागद तरी घ्या हातात.

ताई : नको. वहिनी, मशीन.

वहिनी : बंदच आहे.

ताई : "नमस्कार. मी तुमची आमदार बोलतेय. उद्यापासून अधिवेशन आहे. आपला पूल बंद आहे, हे खरं आहे. तुमचे हाल होतात, हे अंशतः नाही, पूर्ण खरं आहे. सरकारनं लेखी उत्तर दिलंय की ते अंशतः खरं आहे. हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. आणि मी म्हणायची ना, लवकरच होईल म्हणून? तसं काही नाही. मला तारीख माहीत नाही. कोणालाच माहीत नाही."

टाचणी : ताई, विरोधक एवढंच वाक्य कापून गावभर फिरवतील.

ताई : फिरवू देत. आणि मध्ये बोलू नका. "उद्या मी सभागृहात एकच गोष्ट विचारणार आहे. अंशतः म्हणजे कुठला अंश? बोलू देणार नाहीत, तरी मी बसणार नाही. बाहेर काढलं तर दारात उभी राहून विचारीन. त्यानं पूल होईल की नाही, खरंच माहीत नाही मला. पण एक ऐका. पलीकडच्या दवाखान्यात जे जातात, त्यांनी पुलासाठी थांबू नका. रस्ता वाईट आहे, मला माहीत आहे. तरी जा. माझ्या शब्दावर घरी बसू नका रे. हात जोडते."

टाचणी : रेकॉर्डिंग चालू आहे अजून, ताई.

ताई : बंद करा.

टाचणी : केलं. ताई, 'हात जोडते'ला आवाज फुटला जरा. पुन्हा घ्यायचं का तेवढं?

ताई : नाही.

टाचणी : मशीनही वाजलं नाही या खेपेला. पाठवू?

ताई : पाठवा.

टाचणी : शेवटी 'आपली नम्र' आणि नाव घालतो. ते लागतंच.

ताई : घाला बाबा, घाला.

टाचणी : गेलं. सगळ्या ग्रुपवर गेलं. आता काय व्हायचं ते होवो. माझी नोकरी आधीच संपलीय, ते एक बरं आहे.

वहिनी : पाणी प्या, वन्सं. डोळे पुसा आधी. त्या चिंधीनं नको, तिच्यात टाचण्या आहेत.

ताई : त्यानं ऐकलं असेल का गं?

वहिनी : भिंत पातळ आहे म्हटलं ना मघाशी.

दादा : (आतल्या खोलीतून) अगं ए, तुझं अधिवेशन संपतंय कधी?

ताई : दादा! जागा आहेस होय? अजून ठरलेलं नाही रे. कामकाजावर अवलंबून आहे.

दादा : म्हणजे त्यालाही तारीख नाही.

ताई : नाही.

दादा : बरं. उद्या गाडी येऊ दे. तोवर जातो मग.