शेवट सांगून पुस्तक परत

यवतमाळात वजनाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. मागच्या बाकावर एक बाई होत्या आणि मांडीवर जाड कादंबरी घेतलेले एक म्हातारे गृहस्थ.

“काका, तुमाले बी देल्लं का डॉक्टरनं पुस्तक?”

“माह्या पोरीले देल्लं होतं, खुशीले. वजन उतराले तीन वर्सं लागतीन, तवरिक हे वाच म्हने.”

“मले बी देल्लं. पन शेवट सांगतल्याबिगर वापस घेत नाहीत.”

“हाव. खुशी अर्ध्यावर असतानाच वारली. बाकीचं मी वाचलं, रोज चार पानं.”

“काय सांगता बाप्पा! काहून?”

“लग्न जुळलं होतं. पोराकडचे म्हने, दोन महिन्यांत बारीक करा. म्हनून मी बाजारातून पुड्या आनल्या. पंधरा दिवसांत किडनी गेली.”

“डॉक्टरले सांगतलं?”

“नाही. गावात मीच सांगतलं का, या डॉक्टरच्याच गोळ्यानं पोरगी गेली. तवापासून आमच्या गावचं कोनी इथं येत नाही.”

“अन् आता पुस्तकाचा शेवट सांगाले आले?”

“पहिले पुड्याचं सांगतो. मंग त्यायनं पुस्तक घेतलं त घेतलं.”