पेव उघडलं त्या दिवशी

माझं माहेर ईट गावाकडचं, आन दिलं तेरणा नदीच्या काठाला, तेरच्या अलीकडल्या गावात. लगीन झालं तवा निजामाचं राज व्हतं. वय काय व्हतं ते इचारू नका, आमचं कुणी लिवून ठिवलं न्हाय, पर डोईवरचा पदर सांभाळता येत न्हवता येवढं याद हाय. सासरी सासू, सासरे, मालक आन म्या. सासऱ्यांना मामंजी म्हणायची, म्हणजे मनातल्या मनात, कारण सुनंनं सासऱ्याम्होरं तोंड उघडायचं न्हाय ही रीत. भाकर वाढायची तर बांगड्या वाजवायच्या, त्यांनी वळखायचं. वरीस झालं तरी त्यांनी माझा आवाज ऐकला न्हवता, बघा.

आता तुमी इचारता, त्या टायमाला लोक गप का बसायचे. अवो बाई, बोलून जायचं कुठं? लेव्ही आली व्हती. सरकारचं माणूस यायचं आन जवारी उचलून न्यायचं, तुमाला खायाला उरली का न्हाय, कोण इचारतंय! मंग लोक पेवात दडवू लागले. पेव म्हणजे भुईतली खोल कोठी, वर तोंड येवढंसं, आत माणूस हुबा ऱ्हाईल. आमचं पेव गोठ्यामागं, गावच्या पडीक जागंत, त्यात आमची जवारी आन शेजारच्या दोन घरांची बी. खणलं व्हतं सखारामानं. ह्यो गावाभायेरच्या वस्तीतला, गावकीची कामं करायचा, लई गरीब माणूस, पदरात लेकरं. सगळ्या गावाला पेव ठावं, आन सगळं गाव मुकं.

एक दिस सकाळच्या पारी, मालक रानात गेल्याले, तवा जमादार आला, संगं शिपाई. कुणी चुगली केली का काय, देवाला ठावं. पेवावर रचल्याल्या गोवऱ्या बाजूला सारल्या आन पेवाच्या तोंडावरचा दगूड निघाला. किसका है ये, जमादार वरडला. गाव जमलं व्हतं, पर कुणी पापणी हलवंना. ज्याचं निघंल त्याला तालुक्याला नेऊन फोडून काढणार, हे शेंबडं पोर बी जाणत व्हतं. मामंजी अंगठ्यानं माती उकरत हुबे. मंग जमादारानं सखारामाला म्होरं वढलं, म्हणला, उतर आत, भर पोती.

आता बाई, नीट ऐका. पेव उघडलं की लगी कुणी उतरत न्हाय. आतली हवा कोंडून जहर झाल्याली असती. दिसभर तोंड उघडं ठिवायचं, मंग दोरीनं दिवा सोडायचा, दिवा जळत ऱ्हायला तरच माणूस उतरायचा. माहेरी माझा चुलता घाईनं उतरला, वर काढलं ते मढंच. गावातल्या बापयांना हे ठावं न्हवतं व्हय? सगळ्यांना ठावं. पर जो बोलंल त्याचं पेव, असाच हिशोब व्हता. आन सखाराम तर खणणारा, त्याला सगळ्यांहून जास्त ठावं. त्यानं काय करावं? नाव घेतलं तर गाव जगू देणार न्हाय, न घेतलं तर पेव जगू देणार न्हाय. त्यानं मामंजीकडं एकडाव बघितलं, मुंडासं काढून ठिवलं आन कमरंला दोर बांधाय लागला.

 गोठ्याच्या दारात सासूनं माझं मनगट गच्च धरल्यालं, तरी तोंडातनं निघालंच, अवो दादा, उतरू नगा, आदी दिवा सोडा!

समदी मागं वळली. तेरे घर का है क्या, जमादार म्हणला.  तवर मामंजी म्होरं झाले, म्हणले, व्हय सरकार, माझंच हाय, सगळं माझंच. मंग त्यांनीच दिवा सोडला. हातभर गेला न गेला तोच इझला. सखारामानं कमरंचा दोर सोडला.

दुसऱ्या दिशी पेव उपसून नेलं, दाणा ठिवला न्हाय. मामंजीला तालुक्याला नेलं. शेजारची दोन्ही घरं दारं लावून बसली, आन मामंजींनी बी मार खाल्ला पर त्यांची नावं घेतली न्हाईत. सासू मला पांढऱ्या पायाची म्हणायची, घर बुडवलंस म्हणायची. म्या रानातल्या तरवट्याची भाजी शिजवायची आन चुलीम्होरं रडायची.

मामंजी आले तवा पाठ काळीनिळी. म्या हळद गरम करून दिली आन धीर करून म्हणलं, मामंजी, माझ्या तोंडानं घर बुडालं. त्यांनी हळदीची वाटी खाली ठिवली. मंग म्हणले, पोरी, तुझ्या आदी म्या दोन-तीनदा बोलाय गेलो गं. तोंडच उघडंना. सखाराम मेला असता तर म्या भाकर कशी गिळली असती?

येवढा मोठा माणूस, आन डोळ्याला पाणी.

आता त्यातलं कुणी न्हाय, म्याच तेवढी उरले. नातू सांगतो, आये, हापिसातल्या मीटिंगीत सायब चुकीचं करतो तरी सगळी मान खाली घालून बसत्यात. म्या त्याला म्हणते, त्यांना भेकड म्हणू नगस. त्यातल्या लई जणांचं तोंड उघडाय आल्यालं असतंय, कुणीतरी आदी बोलायची वाट बघत असत्यात. बाई, तुमच्यावर तशी पाळी न येवो. आन आलीच, तर तुमचा आवाज आदी निघो.