फेरीबोटीवर न चढलेल्या आईबाबत

मी जाझिया, नवरा तय्यब (मयत), वय ६६ वर्षे, धंदा घरकाम, राहणार मुलाकडे, सफाक्स शहर, माहेर केर्केना बेटावरील अताया गाव. बेटावरच्या पोलीस ठाण्यात माझ्या पायांनी चालत येऊन समक्ष सांगते की,

माझा मुलगा लस्साद याने तक्रार दिली आहे की अतायाचा मच्छीमार बशीर याने मला त्याच्या घरात डांबून ठेवले. हे खोटे आहे. बशीर हा माझी लहानपणची मैत्रीण सालहा हिचा धाकटा भाऊ. बहीणभाऊ एकत्र राहतात. त्याला सकाळपासून इथे बाकावर बसवून ठेवले आहे, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

दरवर्षीप्रमाणे ऑगस्टात मुलगा, सून, मुलगी सौंदेस, जावई आणि नातवंडे असे आम्ही बेटावर भाड्याच्या घरात उतरलो होतो. पोरे पाण्यात, जावई खुर्चीत. आणलेले मासे माझ्यापुढे यायचे. सून वाईट नाही, पण तिला माशांचा वास सोसत नाही. समुद्रात पाय तरी घातला का, असे साहेबांनी विचारले. नाही घातला. सवड झाली नाही.

रविवारी परत निघालो. बोटीसाठी गाड्यांची लांब रांग होती, ऊन मरणाचे. मी कुठल्या गाडीत बसायचे हे ठरलेले नसते, जागा उरेल तिथे बसते. धाकटी नात पाणी मागत होती म्हणून बाटली घेऊन मी नळावर गेले. तेवढ्यात रांग हलली. लस्सादला वाटले मी सौंदेसच्या गाडीत, सौंदेसला वाटले मी त्याच्या. माझा फोन पिशवीत, पिशवी भांड्यांबरोबर डिकीत. बोट गेली.

गावाकडे जाणाऱ्या एका टेम्पोवाल्याने मला सालहाच्या दारात सोडले. ती म्हणाली, "अगं, भांडी नेली आणि तुला ठेवलं होय? हुशार हो पोरं तुझी." मी मासे साफ करायला बसले तर तिने हातातून सुरी काढून घेतली. "पाहुणी आहेस, गप बस." तिने केलेला ऑक्टोपसचा कुसकुस मी गरम गरम खाल्ला. मग झोपले.

दुसऱ्या दिवशी लस्सादने बहिणीला फोन केला, "आईला विचार गं, माझा चष्मा कुठे ठेवलाय." तेव्हा दोघांना कळले. हे त्यानेच मला सांगितले. बेटावर राहिले तर मी सालहाकडेच असणार हे त्याला ठाऊक, म्हणून त्याने बशीरला फोन लावला.

बशीर म्हणाला, "आहे इथंच. झोपलीय."

"उठव तिला."

"नाही उठवत. दमलीय ती."

संध्याकाळी पुन्हा तेच झाले. बशीरचा गुन्हा म्हणाल तर एवढाच. मी खरोखर झोपले होते. मधे उठले तेव्हा सालहा म्हणाली, मुलाला फोन कर. मी म्हटले, उद्या बघू. आज लस्साद बोटीने आला तो थेट ठाण्यात.

गाड्या जाताना दिसल्या नाहीत का, असे साहेबांनी विचारले. दिसल्या. नळ रस्त्यालगतच आहे. पुढे लस्सादची होती. मी हात केला, हाक मारली. काचा वर होत्या. मागून सौंदेसची आली, अगदी हळू. तिची काच खाली होती. हाक मारली असती तर थांबली असती. मी हाक मारली नाही.

लस्साद बाहेर गाडीत बसला आहे. रागावला आहे, मघाशी रडलाही. पोटचा आहे, जीव तुटतो. त्याला सांगावे की तक्रार मागे घे आणि जेवून जा. सालहा रांधते आहे. आज मी त्याच्या गाडीत बसणार नाही. कधी यायचे ते मी कळवीन.

हवालदारांनी हे सगळे मला सावकाश वाचून दाखवले. माझ्याच तोंडचे आहे. मुलगा हे वाचणार, तेव्हा हाक मारली नाही एवढे खोडू का, असे त्यांनी विचारले. राहू द्या म्हटले, आणि खाली सही केली.