सीरियल कुठून येते

नाई जी मामाजी, ती खुर्ची सरकवू नका, वायर तिथूनच गेली हाये — बसा, बसून राहा, मी बोलन तुमच्याशी पन मले इकडंच पाहू द्या. मुलचेऱ्याहून इतक्या लांब भाच्यासाठी पोरगी पाहाले आले, आन पोरगी ग्रामपंचायतीत कम्प्युटरपुढं घामाघूम होऊन बसली हाये — काय म्हनत असान तुमी. पन बाबा नदीत हाये ना जी. तुमच्यासाठीच गेला — पाहुन्याले मरळ मासा खाऊ घालतो म्हने, सुकलूकाकाले घेतलं, डोंगी घेतली, मधल्या बेटावर गेला. अर्धा ढिवरपुरा मासे धराले आज तिकडंच हाये. आन वरून पानी येऊन राह्यलं.

आभाळ? आभाळ साफ हाये, तेच तर! पाऊस इथी नाई पडला, वरती पडला, धरनाचे दरवाजे उघडले. ऊन तसंच राहते आन नदी चढते — बेटावरच्या मानसाले समजतच नाई. रुखमाबाईचा फोन आला होता वरच्या गावाहून — पोरी, पुलाच्या खांबाले पानी चढलं, तुमचा भोंगा काऊन नाई वाजला? — आन बोलता बोलता टावरच गेला. तवापासून रेंज नाई. आई तुमाले इथी सोडून पळत सुटली ना, ती घाटावर वरडाले गेली. पन घाट काही जवळ नाई, आन बेट घाटाहून अजून आत. मानसाचा आवाज नाई पोचत तिथी. भोंगाच पोचते.

हातानं? नाई वाजवता येत. भोंग्याच्या खांबावर बटन होतं, पोरं जाता-येता दाबत म्हनून काढून टाकलं. आता हुकूम इथूनच जाते. हा डबा दिसते ना, लाल लाइटचा? पुलावरचं मीटर पानी मोजते, आकडा रेडिओनं या डब्यात येते, त्याले रेंज नाई लागत, माझा प्रोग्राम तो आकडा वाचते, आन पानी लाल रेषेवर गेलं का डब्याले सांगते — वाजव. हो जी, मीच लिहला. गडचिरोलीले कम्प्युटरमधेच बीएस्सी केली, तुमाले बायोडाट्यात दिलं असन. पोळ्यापासून सारखा चालून राह्यला होता, एकदा बंद नाई पडला. सकाळी लाइट गेली, कम्प्युटर बंद झाला, लाइट आली तसा मी पुन्हा चालू केला — आन हे. हे लाल अक्षरं.

मी बोलते तवा हात चालते माझे, म्हनून बोलून राह्यली, तुमी कंटाळू नका. आता पाहा — डब्याशी बोलाचं काम मी नाई लिहलं. ते कोन्या दूरदेशच्या मानसानं लिहून फुकट ठेवलं हाये, त्याचं नाव सीरियल. आपन फक्त वर एक ओळ लिहाची — इम्पोर्ट सीरियल — आन पायथन, म्हनजे हा प्रोग्राम ज्या भाषेत लिहला ते, ते स्वतः शोधून आनते. आता हे म्हनते का सीरियल भेटलं, पन डब्याशी बोलनं सुरू कराचं जे काम त्याच्यात असाले पाह्यजे ते त्याच्यात नाईच. नाई कसं? काल होतं ना! काल याच कामावर डबा चालत होता!

थांबा. थांबा थांबा. लाइट गेली तवा फाईल खराब झाली का? — पाहाते — नाई, इन्स्टॉल दाखवते, बरोबर दाखवते. मग दुसरं पायथन घुसलं का मशीनमधे? कधी कधी दोन असतात जी, मालमसाला एकाच्या खोलीत ठेवलेला आन हाक दुसऱ्याले मारलेली — नाई, एकच हाये. एकच हाये मामाजी. मग काय? पुसून नवीन टाकू? कशानं टाकू, नेट कुठी हाये? पुसलं आन परत नाई आलं तर? — खिडकीतून पाहा ना जरा, तुमच्याकडून नदीचं वळण दिसते. बेट दिसते का? किती दिसते? रेती दिसते का नुसत्या झाडाच्या शेंड्या? — रेती दिसते. बरं. रेती दिसते. पाहात राहा, मले सांगत राहा.

सिम्पल विचार कर, दिव्यानी. सिम्पल. ते म्हनते सीरियल भेटलं. भेटलं तर कुठी भेटलं? हेच नाई विचारलं ना मी! काय हाये मामाजी, पायथनचे शोधाचे ठिकान ठरलेले असते. पयले प्रोग्राम ज्या फोल्डरमधे हाये तिथीच पाहाचं. तिथी नाई भेटलं तर आपल्या घरचं सामान पाहाचं. तिथीही नाई तर बाहेरच्या लोकांचं जिथी ठेवलं असते तिथी जाचं. आन पयल्या जागी त्या नावाचं काही दिसलं का खलास — पुढं जातच नाई, हे तेच हाये का दुसरं हाये, पाहातच नाई. नाव जुळलं का घेतलं. विचारते त्याले. कुठून आनलं रे तू, सांग...

बाप्पा.

माझ्याच फोल्डरमधून. माझ्याच! सीरियल नावाची फाईल इथी, माझ्या प्रोग्रामच्या बाजूले बसली हाये. हे मी नाई ठेवली. कोनी ठेवली? उघडते — "प्रेमिलामावशीच्या सीरियल" — आईच्या टीव्हीवरच्या सीरियल, जी! कोनती किती वाजता, सोमवार ते शनिवार, मधे कोनती बंद होनार हाये तेही लिहलं. हा हेमराज! आई म्हनली असन मले टाइम ध्यानात राहात नाई, तर यानं बसून — मागच्या वेळी मी चहा आनाले गेली तवा बसला होता इथी, नवीन शिकलेलं करून पाहातो म्हने — आन नाव दिलं सीरियल! मले काही बोलला नाई, मले चकित कराचं असन. प्रोग्राम चालू होता तवर जुनंच उचललेलं होतं म्हनून काही झालं नाई, आज नव्यानं शोधाले निघाला तर दारातच हे भेटलं...

तुमी असे काऊन पाहून राह्यले?

मागच्या वेळी म्हनजे — येते तुमचा भाचा कधी कधी. मोबाईलचं दुकान हाये ना त्याचं, सुटे भाग द्याले येते इकडं, पायथन शिकाचं म्हने, तर मी — ते जाऊ द्या, मामाजी, नदीकडं पाहा! नाव बदलते आधी. सीरियलच्या पुढं आई लावते — आईसीरियल — बस, आता हे त्याले दिसनार नाई. चालव. चाल. चाल ना रे बाबा...

हिरवा झाला. डबा हिरवा झाला! आकडा आला — लाल रेषेच्या कितीतरी वर हाये — ऐका. ऐकून राह्यले का? काहीच नाई. काऊन नाई? — वाजला! वाजला जी! कान फोडते ना? फोडू द्या!

सरका, मले पाहू द्या. निघून राह्यले. त्या पाहा डोंग्या, सगळ्या एकदम निघाल्या, जाळे तसेच टाकून. रेती कुठी हाये? आत्ता होती ना, तुमी म्हनले होती! निळी डोंगी बाबाची, ती — ती उलटी काऊन फिरली? बाबा, उलटा नको ना जाऊ! बेटाच्या काठावर कोनी तरी राह्यला असन, हो, सुकलूकाका, तो पान्यात हाये, त्याले घ्याले — पकड. पकड ना हात. पकडला. चढला. आता वळव, वळव — धारेत गेली जी डोंगी. कलली. नाई. नाई नाई नाई.

दिसत नाई मले. डोळ्यात पानी आलं, तुमी पाहा. तुमी सांगा. दोन डोके? दोन? पक्कं दोन? पोहून राह्यले? — घाटावरून झिंगूनं दोर फेकला. बाबानं धरला. काका त्याच्या पाठीले हाये. ओढून राह्यले, बाया बी ओढून राह्यल्या, ते हिरवं लुगडं आईच हाये. आला. चिखलात बसला. हात हलवून राह्यला, काही तरी शिव्याच देत असन. डोंगी गेली. जाऊ दे, डोंगी गेली तर गेली.

पानी? नको जी, मले नाई जात आता पानी. मीटरचा आकडा पाहू द्या आधी.

काय म्हनले? हेमराज इथी किती दिवसापासून — हो. येते. पुष्कळदा येते. माझा बायोडाटा त्यानंच दुसऱ्याच्या हातून तुमच्याकडं पाठवला, आन तुमाले वाटलं तुमीच स्थळ काढलं. त्याची काही चूक नाई मामाजी, फाईलले नाव देनं का गुन्हा हाये? माझ्या आईसाठी बसून लिहलं त्यानं, कोन लिहते? — मी काय बोलून राह्यली. तुमी जा जी घाटावर. आई तिथी एकटी हाये, बाबा ओला बसला असन, तुमचा हा शेला त्याच्या अंगावर टाका. मी नाई येऊ शकत, लाइट पुन्हा गेली तर इथी कोनी तरी पाह्यजे, पानी अजून चढून राह्यलं. आन हेमराजचं तिथी काही बोलू नका, बाबाले माहीत नाई. आज नका बोलू. उठा ना, मामाजी. जा.